पूर्णेवरची बिनआवाजी लाँच

बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी धरते ना, तसे हे किस्से. कितीही पुसा, आठवड्यात पुन्हा हजर!

जर्मनीची लढाई चालू होती, पेट्रोल कुपनावर मिळायचं. पूर्णाकाठच्या एका गावच्या देशमुखांची छोटी लाँच लोकांना नदीपार न्यायची, ती बंद पडली. मलकापूरच्या आमच्या बॅटरीच्या दुकानातले मिस्त्री बोलून बसले, "इंजिन काढू, बिजलीवर चालवू." मी नागपूरहून काम शिकायला आलेलो, मी तर उड्याच मारल्या. देशमुखांची अट एकच. बाजाराच्या दिवशी लोक बसले तर ठीक, नाहीतर लाँच भंगारात.

लाँच सखाराम भोई चालवायचा. त्याचा उजवा खांदा कायमचा गेलेला. बांबू रेटून नाव नेणं आता त्याला जमणार नव्हतं. म्हणजे अट खरी त्याच्या पोटालाच होती.

*

लॉरीच्या आठ बॅटऱ्या जिनिंग फॅक्टरीच्या डायनामोवर चार्ज करून बैलगाडीत चढवल्या. यांना मधूनमधून पाणी लागतं, असं मिस्त्री गाडीवान महादूला सहज बोलले होते. वाटेत नाल्यावर बैल प्यायले. महादूने आठही बॅटऱ्यांची बुचं काढली आणि त्यांनाही पाजलं!

मिस्त्री डोकं धरून बसले. महादू म्हणाला, "मुके जीव हायेत मिस्त्री. ते थोडीच मांगतात?"

नाल्याच्या पाण्याने बिघडलेलं सगळं ॲसिड बदलण्यात आठवडा गेला.

*

मोटरच्या तारा मी जोडल्या. फार ऐटीत. बटण दाबलं आणि लाँच निघाली उलटी! मी घामाघूम. सखाराम शांतपणे तोंड फिरवून बसला आणि तशीच, मागच्या मागे, पार नेऊन लावली.

"बाबू," उतरताना म्हणाला, "नागपुरात असेच चालतात का?"

*

तारा नीट केल्यावर लाँच झकास पळाली. मी नाचलो. सखाराम मात्र फळीवर तळहात ठेवून बसलेला. मी विचारलं, काय झालं?

"पयले हाताले धडधड लागे," तो म्हणाला. "आता जित्ती हाय का मेली, समजतच नाही."

मी हसलो. तेव्हा हसायला नको होतं.

*

बाजाराचा दिवस. काठावर टोपल्या, कोंबड्या, पन्नासेक माणसं. देशमुख वर मळ्यात बसलेले. सखारामने बटण दाबलं, मागे पाणी घुसळू लागलं. कोणी हलेना. एक म्हातारी म्हणाली, "आधी चालू त कर बे."

चालूच आहे, असं मिस्त्रींनी सांगून पाहिलं. मीही सांगितलं. नागपूरच्या पोराचं कोण ऐकतो!

सखारामने एकदा मळ्याकडे पाहिलं. मग खाली वाकला आणि तोंडानेच सुरू झाला, फट-फट-फट-फट.

"हाव, झाली चालू," म्हणत म्हातारी चढली. तिच्यामागे लाँच भरली.

मध्यधारेत सखारामला खोकला आला. आवाज थांबला. लाँच चालतच होती, पण म्हातारीने लाँचची कड घट्ट धरली. "बंद काऊन केली बे? पानी खोल हाय!" सखारामचा घसा बसलेला. मग तीच लागली फट-फट करायला. शेजारचा लागला. बघता बघता अख्खी लाँच!

मी आणि मिस्त्री अलीकडच्या काठावर उभे. मागून देशमुख धावत आले, एक जोडा पायात, एक हातात.

"मिस्त्री, पेट्रोल कोनं देलं याले?"