आम्ही दोघींनी हात लावला नव्हता

माझा मुलगा वाळूजच्या एका कारखान्यात कामाला होता. एका सकाळी ड्यूटीवर जाताना त्याला ट्रकनं उडवलं. त्याचे कपडे मी वर्षाच्या आत वाटून टाकले, मोटरसायकल भंगारात गेली. लॅपटॉप तेवढा राहिला, कारण त्याच्यावर सून काम करते. आठवण म्हणून मी काही ठेवत नाही. वस्तू वापरात असेल तर घरात राहावी, नसेल तर नुसती जागा अडवते.

सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात मी आणि सून अशा दोघीच असतो. मुलाला आणि तिला मूलबाळ झालं नाही. सून पुण्याच्या एका कंपनीसाठी घरी बसून दवाखान्यांच्या बिलांची माहिती भरते. आतल्या खोलीत माझ्या मुलाचं टेबल आहे, त्यावर लॅपटॉप. सकाळी भाकऱ्या झाल्या की ती तिथं बसते ती दिवेलागणीला उठते.

गेल्या ऑक्टोबरात कंपनीनं तिला कळवलं, की लॅपटॉपातली सिस्टीम जुनी झाली, बनवणाऱ्यांनी तिची देखभाल बंद केली. येत्या सोमवारपासून कंपनीचं काम जुन्या सिस्टीमवर उघडणार नाही. नवी घाला, नाहीतर काम थांबवा. सिस्टीम म्हणजे काय हे सुनेनं मला समजावलं. ती नसली तर लॅपटॉप म्हणजे नुसती पाटी, एवढं मला कळलं. तिनं नवी घालायला घेतली तर लॅपटॉपच आडवा आला. हे यंत्र नव्या सिस्टीमच्या लायक नाही, असं पडद्यावर लिहून आलं. नवा लॅपटॉप घेण्यासारखी परिस्थिती नव्हती.

देवगाव रंगारीला तिचा भाऊ असतो. शेती बरी आहे, माणूस वाईट नाही. माझा मुलगा गेला तेव्हापासून तो बहिणीला म्हणत होता, की इथं काय ठेवलंय, चल घरी. काम आहे म्हणून ती नाही म्हणायची. ह्या वेळी त्यानं फोनवर सांगितलं, की सोमवारी गाडी घेऊन येतो. काम चालू राहिलं तर जेवून माघारी जाईन, नाहीतर तुला घेऊन जाईन. त्याच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पण एकदा गेली की ती परत यायची नाही, हे मला ठाऊक होतं आणि तिलाही.

मला सून फार आवडते असं नाही. भाजीत तेल सढळ हातानं घालते, आणि एखादी गोष्ट मनाला लागली तर चार दिवस तोंड मिटून फिरते. पण एकदा ती माहेरी गेली होती तेव्हा हे घर मी एकटीनं पाहिलंय. सकाळी चहाला एक कप काढायचा आणि दिवसभर कुणाशी बोलायचं नाही. संध्याकाळी कुणी दार वाजवलं तर घशातून आवाज फुटत नव्हता. तसं मला राहायचं नव्हतं. तिला राहा म्हणून मी सांगणार नव्हते, ते माझ्या तोंडून निघालं नसतं. लॅपटॉप चालला तर ती राहणार, एवढा हिशेब सरळ होता.

मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून तिनं वाट शोधली. नवी सिस्टीम पेनड्राइव्हवर अशा रीतीनं भरता येते, की लॅपटॉप लायक आहे का नाही ही तपासणी होतच नाही. पुढं काही झालं तर बनवणारे हात वर करतात, पण चालते. अट एकच, लॅपटॉपात आधीचं जे आहे ते सगळं पुसायचं.

शुक्रवारी दुपारी ती पेनड्राइव्ह आणायला क्रांती चौकात गेली. ऑक्टोबरचं ऊन वाईट असतं, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. लाईट गेलेली, पंखा बंद. मी बाहेरच्या खोलीत फरशीवर पडले होते. आतल्या खोलीचा पडदा ओढलेला असल्यामुळं तिथं अंधार होता. त्या अंधारात भिंतीवर एकदम निळसर उजेड पडला.

मी उठून दारात गेले. लॅपटॉप उघडाच होता. हात लावला नाही तर त्याचा पडदा काळा होतो आणि बोट लावलं की उजळतो, हे मला माहीत होतं. तो उजळला होता. सुनेनं लिहून ठेवलेलं एक पान समोर होतं आणि ते वर सरकत होतं. एक एक ओळ वर जाऊन नाहीशी होत होती, खालून नुसता पांढरा कागद येत होता. थांबायचं, पुन्हा सरकायचं. खुर्ची मागं ओढलेली होती, माणूस उठून गेला की राहते तशी. मी खुर्चीवर हात ठेवून पाहिला. गार होती. पान सरकतच राहिलं. मग थांबलं, आणि थोड्या वेळानं पडदा काळा झाला.

मी देवाला दिवा लावते, पण भुताखेतांचं मला काही नाही. माझा नवरा गेला त्या खोलीत मी दुसऱ्या दिवशी झोपले होते. तरी त्या दुपारी मी त्या खोलीतून पाठ न फिरवता बाहेर आले. उलट्या पावलांनी चालत आले, हे मला बाहेर आल्यावर कळलं.

सून आल्यावर मी काही बोलले नाही. घाबरली तर मागं सरेल आणि सोमवार उजाडेल, असं मला वाटलं.

शनिवारी शेजारीण विरजण मागायला आली. सून ओट्याशी होती. शेजारणीला बोलायची हौस, ती बोलत बोलत आतल्या खोलीपर्यंत गेली आणि तिचं बोलणं मध्येच बंद पडलं. बाहेर आली तेव्हा वाटी तिच्या हातातच होती, पण विरजणाचं ती विसरली होती. माझ्याजवळ खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "मावशी, आपोआप चालतंय ते. त्याचा जीव हाय त्याच्यात. पुसू नका."

मी म्हटलं, "जिवंत होता तवा त्याला एका जागी बसवत नव्हतं. आता ह्या डब्यात बसंल व्हय?"

ती म्हणाली, की तुम्हाला थट्टा सुचती, माझ्या मामेसासऱ्याच्या रेडिओचं असंच झालं होतं. रेडिओचं काय झालं ते मी तिला विचारलं नाही. विरजण देऊन तिला वाटेला लावलं.

सुनेनं ओट्याशी सगळं ऐकलं होतं. तिच्याकडून कळलं, की आठवडाभर असंच चाललंय. ती समोर बसलेली असताना पानं सरकतात, बिलं पुरी भरायच्या आत पुढं जातात. तुम्ही घाबराल म्हणून सांगितलं नाही, म्हणाली. मी म्हटलं, तू घाबरशील म्हणून मी नाही सांगितलं. त्यावर दोघींनाही हसू आलं नाही. जुनी सिस्टीम बिघडली असेल, नवी घातल्यावर थांबेल, असं ती म्हणाली. मला म्हणाली की स्वतःला, ते सांगता येणार नाही.

माझ्या मुलाचे फोटो, त्यानं काढलेली यंत्रांची चित्रं, त्याचे कागद तिनं त्या रात्रीच दुसरीकडं उतरवून घेतले.

रविवारी दुपारी, आमची जेवणं झाल्यावर, तिनं पेनड्राइव्ह लावला. मी स्टूल घेऊन शेजारी बसले. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तिला एकटीला सोडायचं नाही असं मी ठरवलं होतं. एरवी लॅपटॉप चालू केला की आधी माझ्या मुलाचं नाव यायचं, ते त्यानं घातलेलं होतं. त्या दिवशी नाव आलं नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ आली आणि पुढं निळा पडदा आला. लॅपटॉपनं लायकीचं काही विचारलं नाही. एवढं झालं म्हणताना तिचा जीव भांड्यात पडला.

मग एक यादी आली. लॅपटॉपात जे काही होतं ते त्या यादीतल्या एका ओळीत होतं. तिनं त्या ओळीवर बाण नेऊन पुसायचं सांगितलं. लॅपटॉपनं विचारलं, की हे सगळं जाईल आणि परत मिळणार नाही, पुसू का?

ती थांबली. दोन्ही हात तिनं मांडीवर घेतले. सगळं उतरवून घेतलेलं होतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही. पण त्याच्या हातानं मांडलेलं त्याच्या जागेवर अजून होतं, आणि आता ते तिच्या हातानं जाणार होतं. कुठं लांब प्रेशर कुकरची शिट्टी झाली.

"आत्याबाई, तुम्ही दाबा," ती म्हणाली.

"मी नाय दाबणार. काम तुझं हाय."

आम्ही दोघी पडद्याकडं बघत बसलो होतो, आणि तो प्रश्न आपोआप गेला. यादीतली ओळ गेली. तिथं रिकामी जागा राहिली.

मी तिच्या हातांकडं पाहिलं, तिनं माझ्या. तिचे मांडीवर होते. माझे पदराखाली होते.

जुनी सिस्टीम बिघडली असं म्हणायची आता सोय नव्हती. जुनी सिस्टीम तेव्हा चालूच नव्हती, आणि आता तर ती उरलीही नव्हती. सुनेनं कसंबसं लॅपटॉपला पुढचं सांगितलं, नवी सिस्टीम भरायला लागली. भरून झाल्यावर लॅपटॉप बंद होऊन चालू झाला आणि परत पहिल्या पानावर येऊन उभा राहिला, जसं काही झालंच नाही. तिनं परत सगळं केलं. परत पहिल्या पानावर.

"त्यांना नको असंल," ती म्हणाली. लग्न झाल्यापासून नवऱ्याचा उल्लेख ती असाच करायची. तो गेल्यावर तिनं 'होते' म्हणायला सुरुवात केली होती, पण त्या दुपारी ती 'असंल' म्हणाली.

मला तिचा राग आला. मी म्हटलं, "मघाशी पुसलं कुणी मग? नको असतं तर पुसलं असतं का?"

हे मी तिला गप्प करायला बोलले. बोलून झाल्यावर मलाच ते ऐकवेना.

ती उठली, तोंड धुऊन आली आणि तिनं पेनड्राइव्ह उपसून काढला. ह्या वेळी लॅपटॉप मागं गेला नाही, पुढं गेला. एकेक प्रश्न यायला लागला आणि ती वाचायच्या आत निघून जायला लागला. मग त्यानं नाव विचारलं. कुणाचं नाव घालायचं. ती लिहिणार तोच नाव कोरं असतानाच तो पुढं जायला निघाला, आणि नाव कोरं चालत नाही असं म्हणून परत आला. परत निघाला, परत आला. असं चालूच राहिलं.

ते बघता बघता सुनेचा चेहरा बदलला. प्रश्नाला हो म्हणायचं, पुढच्या ओळीवर जायचं असं एक बटण असतं, उजव्या अंगाला, बाकीच्यांपेक्षा मोठं. ती त्याच्याकडं बघायला लागली. तेच एक बटण दाबलं जातंय, म्हणाली. पेनड्राइव्ह लावलेला असताना कुठलंही बटण दाबलं गेलं की लॅपटॉप पहिल्या पानावर जातो, म्हणून मघाशी तसं झालं. तिनं केसातली पिन काढली, त्या बटणाखाली घातली आणि बटण वर उचललं. लॅपटॉप उपडा करून मागून थापटला. टेबलावर तांदळाचा दाणा पडला.

ती हसली. किती दिवसांनी हसली ते मला सांगता येणार नाही. म्हणाली, "आत्याबाई, दसऱ्याची अक्षता. माझीच करणी. पुढच्या साली लांबूनच वाहीन." आणि मान खाली घालून बटण बसवायला लागली.

दसऱ्याला ज्याच्यावर पोट भरतं त्याची आम्ही पूजा करतो. माझा मुलगा कारखान्यात यंत्रांची पूजा करून यायचा आणि घरी आल्यावर लॅपटॉप उघडून त्याच्यावर अक्षता टाकायचा, मूठभर. मी ओरडायची, की निवडायला कोण बसणार. तो गेल्यापासून सून पूजा करते.

मी दाणा उचलून दारातल्या उजेडात नेला. मळलेला होता, एका बाजूनं झिजलेला होता. पण रंग दिसत होता. लाल होता.

आमच्या घरात अक्षता कुंकवाच्या होत्या त्या माझा मुलगा होता तोवर. त्यानंतर घरात कुंकू लावणारं कुणी राहिलं नाही. करंडा मी वरच्या फळीवर टाकला आणि तेव्हापासून सून तांदळाला हळद लावते. नुकत्याच झालेल्या दसऱ्याच्या अक्षता पिवळ्या होत्या, त्याआधीच्याही पिवळ्या होत्या. लाल अक्षता त्या लॅपटॉपवर शेवटच्या टाकल्या त्या त्यानं. इतके दिवस दाणा बटणाखाली पडून होता आणि बटण बिनतक्रार चालत होतं. ज्या आठवड्यात पुसायचं ठरलं, त्या आठवड्यात तो सरकला.

सरकला असेल. उन्हानं, धक्क्यानं, कशानंही सरकतो. मी तो बाहेरच्या कुंडीतल्या मातीत दाबला आणि हात धुतले. आत आले तेव्हा सुनेनं नावाच्या जागी स्वतःचं नाव घातलं होतं आणि लॅपटॉप निमूट पुढं गेला होता. तिनं विचारलं, दाणा कुठं गेला. मी म्हटलं, टाकला.

सोमवारी सकाळी कंपनीचं काम उघडलं. तिचा भाऊ आला तेव्हा ती टेबलाशी बसली होती आणि बटणांचा आवाज बाहेर येत होता. मी त्याला वाढलं. वांग्याची भाजी तिनंच केली होती, तेल वर तरंगत होतं. जेवून निघताना दारात त्यानं विचारलं, "मावशी, टिकंल ना हे? का परत बंद पडंल?" टिकंल म्हणून मी सांगितलं. रिकाम्या गाडीनं तो देवगावला गेला.

रंगाचं मी तिला तेव्हा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती त्या टेबलापासून उठली असती आणि भावाच्या गाडीत बसली असती. आता हे छापून आलं की तिच्या वाचनात येईल. येऊ दे. आता ती उठायची नाही.