उद्घाटनाचा सोडा

पोटावर गार जेल पडलं आणि परभणीतला तो दिवस आठवला. दवाखान्यात सोनोग्राफीचं यंत्र आलं होतं, म्हणून झेंडूचे हार, सनई आणि पुढारी. वडील वाळत चालले होते. डॉक्टरांना स्वादुपिंडात गाठीचा संशय होता, म्हणून यंत्राचा पहिला मान त्यांना. ते मानवतहून उपाशीपोटी आलेले. पुढारी दुपारी उगवले, यंत्रापुढे नारळ फोडून विज्ञानावर बोलले आणि फोटोसाठी वडिलांना स्वतःच्या हातानं गोटी सोडा पाजला. पुढाऱ्याला नको म्हणायची रीत नव्हती. डॉक्टरही टाळ्या वाजवत होते. मग पडद्यावर यकृत दिसलं, मूत्रपिंडं दिसली, स्वादुपिंडाच्या जागी मात्र नुसतं पांढुरकं धुकं. "पोटात गॅस झालाय, परवा परत या," डॉक्टर म्हणाले. बाहेर येऊन वडील आईला म्हणाले, "काईच दिसलं न्हाई बग. उगंच रडायलीस तू." कित्येक दिवसांनी आई हसली. परत गेलो तेव्हा गाठ स्पष्ट दिसली. आता माझ्या पोटावर यंत्र टेकवत डॉक्टर विचारतात, "काही खाल्लं-प्यायलं नाही ना?" नाही म्हणालो. पडद्याकडे बघवत नाही. सोडा पिऊन यायला हवं होतं.