कांड्यांचा हुडवा

आमचे शेजारी केरबाअण्णा फौजेतून सुभेदार होऊन परतले ते दोन गोष्टी घेऊन: एक लोखंडी बुखारी, खोली उबवायची काश्मिरी शेगडी, आणि दुसरा संशय. बुखारी थंडीपुरती पेटायची, संशय बारमाही. पोस्टमनकडून स्वतःचंच पत्र घेताना ते पाकीट उजेडात धरून बघत. मला हसू यायचं आणि रागही, कारण आमच्या घरून गेलेलं विरजणसुद्धा ते आधी हुंगत.

पाचगणीच्या या अंगाला जानेवारीत हातपाय गारठून जातात. त्यात अण्णांच्या बायकोला, विजयमालाकाकूंना, दमा. वाईच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, खोली उबदार हवी आणि धूर अजिबात नको. वीज बेभरवशाची, लाकडाचा धूर ठरलेला. त्यामुळे बुखारीत घालायचं काय, एवढाच प्रश्न होता.

रिसॉर्टांना माल पुरवणाऱ्या दुकानात इंडोनेशियाचा कोळसा मिळायचा, नारळाच्या करवंट्यांचा, खोक्यात बंद. आणि तिकडे फलटणला काकूंची भाची प्रियदर्शनी उसाच्या चिपाडाच्या, मशीनमध्ये दाबलेल्या कांड्या बनवायची. काकूंना कांड्या हव्या होत्या. अण्णांना तिथंच वास आला.

"म्हायेरचा माल हाय, म्हणून ग्वाड लागतोय तुला," ते म्हणाले. "आमी कारखान्याला ऊस घालत हुतो तवा वजनापायी मोळीत मुळं, माती, समदं बांधायचो. आपल्या मानसांचं हात मला ठावं हायती."

"आन् त्या परदेशातल्याचं?" काकूंनी विचारलं.

"त्येला मी वळखत न्हाई. त्यो मला कशाला फशिवतोय?"

या तर्कापुढे मी हात टेकले.

काकूंनी हट्ट सोडला नाही, तेव्हा अण्णांनी परीक्षाच लावली. आठवडाभर परदेशी कोळसा, मग आठवडाभर फलटणच्या कांड्या. खोकं पलंगाखाली ठेवलं. कोळसा उत्तम जळला, काकूंना शांत झोप लागली. मग प्रियदर्शनीची तीन पोती आली. अण्णांनी दोन उसवली, कांड्या मोडून बघितल्या, नखानं खरवडल्या आणि परसात नेल्या. जळण कसं राखायचं हे त्यांना आईनं शिकवलं होतं: शेणी, म्हणजे गोवऱ्या, गोल रचून हुडवा करायचा आणि वरून ओल्या शेणानं जाड लिंपायचा. तसाच त्यांनी कांड्यांचा हुडवा रचला आणि कोपरापर्यंत हात बरबटवून लिंपून काढला. परसात जागा उरली नाही म्हणून तिसरं पोतं शिवलेलंच माळ्यावर गेलं.

काकू दारातून म्हणाल्या, "आवं, पोरीनं सांगितलंय, ह्येला पानी लागू दिऊ नगा."

"व्हय, म्हंजी उद्या माल वाईट निघाला की दोष माझ्यावर," अण्णा म्हणाले आणि आणखी एक हात फिरवला.

हुडव्यातल्या कांड्या लावल्यापासून चौथ्या दिवशी सकाळी बुखारीनं धूर ओकायला सुरुवात केली. खोली भरली, काकूंचा श्वास अडकला, ओठ निळे पडले. माझ्याच गाडीतून त्यांना वाईला नेलं. अण्णा मागे त्यांचा हात धरून बसले होते. त्या माणसाला मी पहिल्यांदाच रडताना पाहिलं. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, दुपारी धोका टळल्याचं सांगितलं. तसे काकूंना माझ्यावर सोपवून अण्णा तडक फलटणला गेले. शेडमध्ये, कामावरच्या बायांसमोर, त्यांनी प्रियदर्शनीला चोर म्हटलं. आत्याच्या जिवावर उठलीस म्हटलं.

पोरगी वाद न घालता त्यांच्याबरोबर निघाली. आत्याला भेटली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरी येऊन म्हणाली, जळण दाखवा. परसात हुडवा बघून ती जागीच थांबली.

"मामा, ह्ये काय केलंसा?"

तिनं लेप फोडला. आतल्या कांड्या ओल पिऊन फुगल्या होत्या, बोटानं दाबल्या की भुगा. मग तिनं माळ्यावरचं पोतं उतरवलं आणि बुखारी पेटवली. अण्णा नाक पुढे करून धूर शोधत राहिले. धूर नव्हता. प्रियदर्शनी तशीच एसटीला निघून गेली.

तीन दिवसांनी काकू घरी आल्या. अण्णांनी खोली उबदार करून ठेवली होती. बाहेर उघड्या सोप्यातच त्यांनी सगळं कबूल केलं.

"चोर म्हनला तवा कोन कोन हुतं?" काकूंनी विचारलं.

"कामावरच्या समद्या बाया."

"मग ह्ये मला एकटीला कशाला सांगताय?" असं म्हणून काकू शाल लपेटून सोप्यातच बसल्या. गार वारं सुटलं होतं. अण्णांनी विनवलं, मी विनवलं. त्या हलेनात. त्यांना खोकल्याची उबळ आली तेव्हा अण्णांनी घाईघाईनं फलटणला फोन लावला.

"पोरी, समद्यांस्नी बोलीव. फोन मोठा कर." मग ते उभे राहिले, कवायतीला उभं राहतात तसे, आणि ओरडूनच बोलले. "बायांनो, प्रियदर्शनी चोर न्हाई. तिचा माल चोख हुता. कांड्या मी भिजिवल्या. सांगूनबी ऐकलं न्हाई. बायकूच्या जिवावर उठलो त्यो मीच."

अण्णा फोन कानाला लावून तसेच उभे होते. काकू भिंतीला धरून उठल्या, आत गेल्या आणि बुखारीपाशी बसल्या.