राणेबाईंच्या घराचा फोटो

नवी डेटा-लाइन जोडली की राणेबाई तिच्यावरून आपल्या देवगडच्या घराचा फोटो पाठवत. फोटो भलामोठा. मग पलीकडच्या ऑफिसात फोन लावून विचारत, "घर दिसलं? कौलं दिसली? विहिरीवरचा रहाट दिसतो का बघ." सगळं दिसल्याशिवाय त्या लाइनच्या कागदावर सही करत नसत. सांताक्रूझपासून मुलुंडपर्यंत कितीतरी अनोळखी माणसांना त्यांचं ते घर पाठ झालं होतं.

आमचं काम एटीएमचं. पैसे देणारं यंत्र नव्हे, डेटा पाठवायची एक पद्धत, हे मी सासरच्या मंडळींना अजून समजावतोय. घाटकोपरच्या आमच्या केंद्रात एक स्विच होतं, त्यातून कंपन्यांचा डेटा ठरलेल्या वाटेने जायचा. डेटाचं पॅकेट कापून अठ्ठेचाळीस बाइटचे तुकडे करायचे, प्रत्येकाच्या डोक्यावर पाच बाइटचा पत्ता चढवला की झाला सेल. शेवटचा तुकडा अपुरा पडला तर भर घालायची. पलीकडे सगळे तुकडे जोडून पॅकेट पुन्हा तयार. बाई सांगायच्या, "चिठ्ठी फाडून पट्ट्या पाठवल्यास आणि एक पट्टी हरवली, तर उरलेल्या काय चुलीत घालतलस? अख्खी चिठ्ठी परत मागवायची!"

गेल्या वर्षी ते स्विच काढून टाकलं आणि बाईही निवृत्त होऊन गावी गेल्या. त्या माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या, तंत्रज्ञ म्हणून लागून वर आलेल्या. हुद्द्याने मात्र मी वरचा, म्हणून मला तो फोटोचा प्रकार पोरकट वाटायचा.

बाई नोकरीत असतानाच एकदा मुलुंडच्या एका इस्पितळाची लाइन मी एकट्याने जोडली. पिंग केला, म्हणजे छोटासा संदेश पाठवून पलीकडून ओ येते का ते पाहिलं. लगेच आली. 'लाइन उत्तम' लिहून सही ठोकली. आठवड्याभरात तक्रार आली की एक्स-रेची चित्रं सांताक्रूझच्या डॉक्टरांकडे पोचतच नाहीत. मी पुन्हा पिंग केला आणि पुन्हा 'उत्तम' लिहिलं. तो अहवाल वाचून इस्पितळाच्या व्यवस्थापकांनी ठरवून टाकलं की फाइली पाठवणारी शिल्पाच घोळ घालते. सोमवारी तिला काढणार होते.

हे शिल्पानेच आमच्या केंद्रात फोन करून रडत राणेबाईंना सांगितलं. फोन ठेवून बाई माझ्याकडे वळल्या. "मेल्या, बारकं कुठूनही जातं. मोठं पाठवलं होतंस?"

नव्हतं पाठवलं. आम्ही दोघं तडक मुलुंडला गेलो. बाईंनी घराचा फोटो सोडला. बऱ्याच वेळाने सांताक्रूझहून फोन आला, "मॅडम, नुसतं आभाळ दिसतंय. घर नाही."

बाईंनी राउटरची सेटिंग्ज उघडून स्क्रीन माझ्याकडे फिरवली. सेल किती वेगाने सोडायचे, तो आकडा मी भरलाच नव्हता. राउटर भसाभसा सेल ओतत होता आणि ठरल्यापेक्षा जास्तीचे सेल आमचं स्विच फेकून देत होतं. पिंगचे दोन-तीन सेल सुखरूप निघत. एक्स-रेच्या पॅकेटमधला एखादा तरी गळे, की ते अख्खं पॅकेट बाद. पुन्हा पाठवलं तरी पुन्हा तेच.

मी आकडा भरला. घर दिसलं, रहाटासकट.

"चला, झालं काम. निघू या," मी म्हणालो. खरं सांगतो, मला पळायचं होतं.

"लाइनचं झालं. त्या पोरीचं काय? तुझ्या सहीवर तिची नोकरी जातेय. वर जा नि सांग."

"तुम्ही पण चला ना."

"मी कशाला? सही माझी नाय."

गेलो. चूक माझीच, हे सांगितलं. व्यवस्थापकांनी शिल्पाला बोलावून घेतलं आणि तिच्यासमोरच मला चांगलं फैलावर घेतलं. शेवटी तिला म्हणाले, "तू जा, कामाला लाग." ती माझ्याकडे न बघताच गेली.

खाली आलो तेव्हा बाई पायरीवर डबा उघडून बसल्या होत्या. माझं तोंड उतरलेलं होतं, पण छाती हलकी झाली होती. त्यांनी अर्धा घावणा माझ्या हातावर ठेवला.

"ओरडले?"

"खूप."

"बरं झालं रे. नाहीतर ती सगळी बोलणी तिला खावी लागली असती."