वहिनीचं यादीतलं नाव

वहिनी गेल्याचा निरोप मला मानोऱ्याच्या शाळेत मिळाला. गावी, केनवडला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं... तोंडही बघायला मिळालं नाही. त्याला आता दीड महिना झाला. तेव्हापासून एकच गोष्ट मनात घोळते आहे आणि तिच्यात चूक माझी आहे, म्हणून लिहितो.

पहिल्या निवडणुकीआधी गावाची मतदारयादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी नवा मास्तर, अंगात कोण मिजास! बायका स्वतःचं नाव सांगायला लाजत, मीही खोदून विचारलं नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' असं लिहीत सुटलो. घरी वहिनी भाकरी थापत होती. तिला तर विचारलंसुद्धा नाही. दादाच्या नावानं 'रामरावची बायको' असं लिहून मोकळा झालो. पुढे स्वतःचं नाव नाही म्हणून वरच्या कचेरीत असल्या सगळ्या नोंदी खोडल्या गेल्या.

वहिनीला ते कळलं मतदानाच्या दिवशी. आमच्या भागातून एक बडे जमीनदार उभे होते. विहिरीकडची पांदण त्यांनी काट्या लावून अडवली होती, बायकांना पाण्यासाठी केवढा तरी वळसा पडायचा. त्यांच्याविरुद्ध मत टाकायला वहिनी नवं लुगडं नेसून गेली आणि तशीच परत आली.

"भाऊजी, साऱ्या गावाची यादी केली अन् मलेच गाळलं? काहून?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जमीनदार निवडून आले.

पुढच्या निवडणुकीची यादी करताना दारोदार वहिनीच माझ्यापुढे चालली. "लाजाले काय झालं वं? नवऱ्याचं नाव नाई मागून राह्यले, तुह्यं मागून राह्यले!" स्वतःची वेळ आली तेव्हा म्हणाली, "गोदावरी." मी चमकलो. लग्नात आम्ही तिचं नाव लक्ष्मी ठेवलेलं, हे माहेरचं.

दादा ओसरीवरून ओरडला, "ते नाव या घरात चालत नाई!"

"घरात नोका चालवू. यादीत चालन."

त्या वर्षी बायकांची रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली. जमीनदार पडले, पांदण मोकळी झाली. त्या वाटेनं वहिनी जेमतेम एक उन्हाळा पाणी आणू शकली... मग ताप आला.

तेरवीनंतर मृत्यूची नोंद करायला दादाबरोबर चावडीवर गेलो. पाटलानं नाव विचारलं. दादानं उभ्या जन्मात बायकोचं नाव घेतलं नव्हतं. 'अवं' म्हटलं की ती यायची. म्हणून मीच 'लक्ष्मी' सांगणार, तोच त्यानं माझा हात धरला.

"गोदावरी," दादा म्हणाला. "यादीत हाय, तसंच लिवा."