तिसऱ्या हिरवळीवरचा खड्डा

छावणीकडच्या गोल्फ मैदानावर गवत राखणाऱ्या एक मावशी आहेत, कन्नड तालुक्याकडच्या. होलभोवतीच्या बारीक कातरलेल्या हिरवळीवर जाताना त्या चप्पल कडेला काढतात.

एकदा तिसऱ्या हिरवळीवर माझा चेंडू उंचावरून थेट होलमधल्या झेंड्याजवळ पडला. मी तर नाचलोच! मावशी मात्र चेंडूनं पाडलेल्या खड्ड्यापाशी बसल्या होत्या. ओशाळून मी खिशातल्या, असे खड्डे बुजवायच्या टोच्यानं खालची माती वर उचलायला लागलो.

"आवो साहेब, उचलू नका, मुळं तुटत्यात! कडंचं गवत आत सरकवा," म्हणत त्यांनी ती जागा तळहातानं हलकेच थापटली.

महिन्याभरानं गेलो, तर लांबूनच हाक आली, "साहेब, तुमचा खड्डा लई झ्याक भरला!"

त्यांना माझं नाव ठाऊक नाही, मला त्यांचं नाही. खड्डा बघायला मात्र मी धावतच गेलो, कडेला बूट काढून.