गुलमंडीत ऐकलेला जॅझ

आमचा ऑर्केस्ट्रा बंद पडून बरीच वर्षं झाली, पण फोनवरचा चौघांचा ग्रुप अजून चालू आहे. एरवी त्यात वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि तुमच्याकडं नळाला पाणी आलं का, याची चौकशी, एवढंच असतं. गेल्या हिवाळ्यात जर्मनीहून आमच्या पियानोवाल्याचा निरोप आला. ‘अल्बम निघाला. सहा जणांना सोबत घेऊन केलाय. ऐका आणि खरं सांगा. इथं सगळे छानच म्हणतात.’

हा पियानोवाला म्हणजे पूर्वीचा आमचा कीबोर्डवाला. गायक शहागंजातला, आता त्याचं चष्म्याचं दुकान आहे. गिटारवाल्याच्या वडिलांचं गुलमंडीत कापडाचं दुकान होतं, ते आता तो बघतो. मी ड्रमवर असायचो. वाळूजला कंपनीत आहे, राहायला बजाजनगरात. दुकानामागच्या गोदामात आमची प्रॅक्टिस चालायची. चारी बाजूंनी कापडाचे गठ्ठे. ते आवाज गिळून टाकायचे, म्हणून आम्ही सगळेच जोरात वाजवायला शिकलो. कीबोर्डवाला माझ्या डाव्या हाताला असायचा. गाणं वळायच्या आधी तो फक्त भुवई उचलायचा. मी रोल मारायचो आणि चौघंही एकदम पुढच्या ओळीत पडायचो. तसं पडण्याचं सुख मला पुन्हा कशात मिळालं नाही.

पुढं त्याला शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात संध्याकाळी पियानो वाजवायचं काम मिळालं. लेणी बघून दमून आलेले परदेशी पाहुणे तिथं बसलेले असायचे. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं त्याला जॅझ ऐकवला. त्यानंतर हा प्रॅक्टिसला यायचा, पण अर्धा कुठंतरी दुसरीकडंच असायचा. आधी बेंगळुरूला गेला, मग देशाबाहेर. तो गेल्यावर आम्ही दुसरा कीबोर्डवाला आणला. चांगला वाजवायचा. पण मी डावीकडं बघायचो आणि तो खाली बघत असायचा. एका हंगामात ऑर्केस्ट्रा संपला.

अल्बम एकत्रच ऐकायचा, असं गिटारवाल्यानं ठरवलं. रविवारी दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा आम्ही तिघं दुकानातल्या गादीवर बसलो. त्यानं साड्यांच्या कपाटावर स्पीकर ठेवला. पियानो, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, उभा बास, ड्रम आणि आणखी दोन वाद्यं, ज्यांची नावं गिटारवाल्यानं सांगितली आणि मी विसरलो. पहिला तुकडा संपला, दुसरा संपला. गायक डोळे मिटून, मान किंचित पुढं करून बसला होता. स्टेजवर आपली ओळ यायच्या आधी तो तसाच उभा राहायचा.

सगळं संपल्यावर तो म्हणाला, “गाना किधर है? सब्र करके बैठा मैं. अब आता, तब आता... आयाच नहीं.”

“यात गाणं नसतंच,” गिटारवाला म्हणाला. “सात जण एकमेकांना ऐकून वाजवायलेत. लई अवघड असतं ते.”

“तो हम नहीं सुनते थे क्या एक-दूसरे को?”

“आम्ही तुला ऐकायचो,” गिटारवाला म्हणाला. “सगळे तुझ्याकडं बघून वाजवायचो.”

गायकाला ते लागलं. नाव याचं आणि वाजवतायत दुसरेच, स्वतः जरा कुठं तरी टुणटुण करतो आणि सरकून बसतो, असं तो बरंच काही बोलला. गिटारवाला म्हणत राहिला की सरकून बसतो हेच तर त्याचं मोठेपण. आवाज चढले. दारात आलेली एक बाई आत यावं की नको म्हणून थांबली. शेवटी गायक माझ्याकडं वळला. “तू बोल. तेरे को क्या लगा?”

खरं म्हणजे मी अल्बम ऐकलाच नव्हता, मी फक्त ड्रम ऐकला होता. तिसऱ्या तुकड्यात पियानो चढत चढत जातो आणि एकदम थांबतो. त्या जागी माझा हात आपोआप उठला होता. पण तिथला ड्रमवाला काहीच करत नाही. झांजेवरून नुसता ब्रश फिरवतो आणि ती जागा रिकामीच ठेवतो. माझा हात गादीवर पडला. त्याचा आवाज मलाच मोठा वाटला.

“पुन्हा ऐकावं लागंल,” एवढंच मी म्हणालो.

त्या आठवड्यात गावाकडून वडील आले होते. पियानोवाला आमच्या शेतावर हुरड्याला यायचा, आईच्या हातची भाकरी खायचा. वडिलांचा त्याच्यावर जीव. मी त्यांना फोनवर अल्बम लावून दिला. ते फोन कानाला लावून ऐकत राहिले.

“यातलं आपलं पोरगं कोणतं?” त्यांनी विचारलं.

“हे, आता वाजतंय ते.”

“व्हय?” त्यांनी फोन आणखी जवळ धरला. तेवढ्यात ट्रम्पेट सुरू झाला. “मग बाकीच्यांना जरा गप बसायला सांग की,” ते म्हणाले, “त्याचं ऐकू द्या म्हणावं.”

ग्रुपवर गिटारवाल्यानं लांबलचक कौतुक लिहिलं. गायकानं आवाजी निरोप पाठवला. मजा आली नाही, एकही ओळ घरी नेता आली नाही, आणि तू बारीक झालायस का, नीट जेवतोस का, असं सगळं एका दमात. मी काही लिहिलं नाही.

दोन-चार दिवसांनी दुपारी पियानोवाल्याचा फोन आला. मी कंपनीतून नुकताच येऊन गॅलरीत बसलो होतो.

“गायकाचं बोलणं मी इथं सगळ्यांना ऐकवलं,” तो हसत म्हणाला. “शब्दन् शब्द समजावून सांगितला. बासवाला म्हणे, असा माणूस आमच्याकडं पाहिजे होता.” मग म्हणाला, “तू गप का?”

“तिसऱ्या तुकड्यात तू थांबतोस,” मी म्हणालो, “मी असतो तर तिथं रोल मारला असता.”

“माहितीये. ते लिहिताना मला तिथं तूच ऐकू यायचास. त्या ड्रमवाल्यानंही आधी मारला होता. चांगला होता, पण तुझा नव्हता. मग मी म्हणालो, राहू दे, मोकळंच ठेव.”

राग आला होता असं नाही, आनंद झाला असंही म्हणवत नाही. माझी जागा त्यानं कुणाला दिली नव्हती, आणि ती मलाही परत मिळणार नव्हती.

“येतोस कधी?” मी विचारलं.

“बघू. उन्हाळ्यात कार्यक्रम लागलेत.”

खाली रस्त्यावर कंपन्यांच्या बस येऊन थांबत होत्या. माणसं उतरत होती, एकमेकांना हाका मारत होती. कोपऱ्यावरचा भजीवाला झाऱ्या आपटत होता.

“शिफ्ट सुटली का?” त्यानं विचारलं.

“व्हय.”

“थोडा वेळ फोन तसाच राहू दे. बोलू नको.”

मी हात लांब करून फोन कठड्याबाहेर धरला. बस गेल्या, मागून सायकली आल्या, कुणीतरी कुणाला उद्याच्या सुट्टीचं विचारत गेलं. हात अवघडला तेव्हा मी फोन दुसऱ्या हातात घेतला. तो अजून ऐकत होता.